संचार साथी ठीक आहे, पण पोलिस ठाण्यातला कागद कोण देणार?

डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला संचार साथीवरून, म्हणजे हरवलेला-चोरलेला फोन ब्लॉक करून देणाऱ्या सरकारी अ‍ॅप आणि वेबसाइटवरून, गदारोळ चालू होता, तेव्हा घरात मलाच ऐकवलं जात होतं, "तुझं काम तर त्यानेच झालं, मग तू कशाला चिडतेस?" दूरसंचार विभागाचा २८ नोव्हेंबरचा आदेश होता की नव्या फोनमध्ये हे अ‍ॅप ९० दिवसांत आधीपासूनच टाकून द्या, आणि जे फोन तयार होऊन विक्रीला गेलेत त्यांत अपडेटमधून घुसवा. विरोध झाल्यावर मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल तर काढून टाका. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली.

पाळत ठेवण्यावरून जे वाद झाले ते झालेच, आणि ते रास्तही होते. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. ज्याचा फोनच चोरीला गेलाय, त्याने त्या फोनमधलं अ‍ॅप उघडायचं कसं? माझा चोरलेला फोन ब्लॉक करायचं काम झालं ते वेबसाइटवरून, भाचीच्या लॅपटॉपवर. आणि मी अडकले ती वेबसाइटवर नव्हेच.

स्वारगेटहून हडपसरला जाणाऱ्या गच्च बसमध्ये कुणीतरी पर्सची चेन उघडून फोन काढला. त्याच संध्याकाळी डुप्लिकेट सिम घेतलं. नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपी नाही, म्हणजे पोर्टलवर अर्जही नाही. फसवणूक टाळायला केलेला नियम आहे, तक्रार नाही. तेवढ्या वेळात अर्जाला लागणारा पोलिस ठाण्यातला कागद आणू, असं मला वाटलं होतं.

ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "नेमका कुठे गेला?" बसमध्ये, म्हटलं. "बस बऱ्याच हद्दींतून जाते, मॅडम." मला दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, तिथून परत पहिल्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. मी हे बोलून दाखवल्यावर खुर्ची मिळाली, चहा विचारला, पण नोंद नाही. साहेब बंदोबस्तावर होते.

साहेब आले नाहीत, पण एक छापील अर्ज आला. मोबाइल गहाळ झाल्याचा. खाली एक ओळ आधीच छापलेली: माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. "यावर सही करा, लगेच दाखला देतो. तुमचं ब्लॉकिंगचं काम होऊन जाईल." होऊन जाईल हे खरंच आहे, पोर्टलला पोलिसांकडे नोंद केल्याची प्रत लागते, गहाळचा दाखलाही चालतो. घाईत असाल तर तोच घ्या, मी नावं ठेवणार नाही. पण माझा फोन गहाळ झाला नव्हता. चेन उघडून काढला होता. आणि माझी तक्रार होती.

मग एका वयस्कर हवालदारांनी बाजूला घेऊन समजावलं. गुन्हा दाखल झाला आणि फोन सापडला, तर तो मुद्देमाल होतो, कोर्टातून सोडवून आणावा लागतो. गहाळ लिहिलं तर सही करून थेट घरी न्या. या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगत होते. फक्त एवढंच सांगत नव्हते की गहाळ वस्तूचा चोर कुणी शोधत नाही आणि ठाण्याच्या तक्त्यात चोरीचा आकडाही वाढत नाही. त्या मार्गावर पर्स उघडणारी टोळी असेल, तर सरकारी कागदोपत्री ती नाहीच. आपण सगळेच नुसते वेंधळे.

शेवटी साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात दोन प्रतींत अर्ज लिहिला आणि एका प्रतीवर आवक शिक्का मागितला. शिक्का मिळेना, तेव्हा म्हटलं, हाच अर्ज पोलिस उपायुक्तांना पोस्टाने पाठवते. नोंद नाकारली तर तसं करायची सोय त्याच कलमात आहे. आवाज चढवला नाही. (मनात काय चाललं होतं ते इथे लिहिता येणार नाही.) त्या रात्री एफआयआर झाला. प्रत फुकट मिळणं हा हक्क आहे, पण प्रिंटर बंद होता. "मोबाइलवर फोटो काढून घ्या ना," समोरचा पोरगेलासा शिपाई म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. प्रत दुसऱ्या दिवशी मिळाली.

पोर्टलचं सांगण्यासारखं काही नाही. संचार साथीवरच्या सीईआयआर या फोन ब्लॉक करायच्या पानावर नंबर, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), बिल, तक्रारीची प्रत, ओळखपत्र, ओटीपी. फोन लवकरच ब्लॉक झाला. उत्तम काम. मुंबईत २०१९ साली सुरू झालेली ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे, आणि अ‍ॅप नसतानाही चालतच होती.

आयएमईआय खोक्यावर असतो, म्हणून खोका फेकू नका. नाहीतर आत्ताच *#०६# दाबून कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. दोन सिमचा फोन असेल तर आकडे दोन असतात, दोन्ही द्या. रिक्वेस्ट आयडी जपा, फोन मिळाल्यावर अनब्लॉक करायला तोच लागतो. आणि या सगळ्याच्या आधी बँकेला फोन करून यूपीआय बंद करा. हे खरं तर वर लिहायला हवं होतं.

ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी सिम टाकलं तर त्याचा माग पोलिसांना कळतो. म्हणजे गाडी पुन्हा त्याच टेबलाशी. प्रत्येक हातातल्या फोनमध्ये अ‍ॅप घालायचा आदेश एका दिवसात निघतो. आवक शिक्का मागितल्यावर द्यावा, एवढंही त्या टेबलापर्यंत अजून पोचलेलं नाही. माझा तपास चालू आहे म्हणतात. तपास अधिकारी मध्यंतरी बदलले. नव्या साहेबांनी फाइल चाळली आणि विचारलं, "मॅडम, गहाळ का नाही लिहिलंत?"

जुना फोन विकत घेणार असाल तर केवायएम (KYM), मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. ब्लॉक केलेला असेल तर कळतं. कोण जाणे, माझाच निघायचा.