बाबांची मूठभर रक्षा आणि सहा महिन्यांचं ‘विचाराधीन’

बाबांची मूठभर रक्षा त्यांच्या लाडक्या फुटबॉल क्लबच्या मैदानात पुरायला सात महिने लागले. त्यातले सहा क्लबच्या कार्यालयानं खाल्ले. उद्या माझ्या जागी जो कोणी असेल त्याचा तेवढा तरी वेळ वाचावा, म्हणून हे लिहितेय.

बाबांनी चाळीस वर्षं एकाच गोलमागून फुटबॉल बघितला. ‘मला तिथंच ठेवा’ हे ते धडधाकट होते तेव्हापासून सांगायचे. दहनाचा दाखला, भावंडांची लेखी संमती, सगळं आठवड्याभरात जमलं.

अर्ज दिला. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ महिन्यानं फोन केला तर म्हणे हे तिकीट विभागाचं काम नाही, चाहत्यांसाठी वेगळा विभाग आहे. तो विभाग म्हणाला, आधी सुरक्षा विभागाचं ना-हरकत पत्र आणा. सुरक्षा विभागाला माझ्या अर्जाचा क्रमांकच सापडेना. दाखला परत मागितला, कारण पहिला त्यांच्याच फाईलमधून गहाळ झाला होता. (मूळ प्रती दोन काढून ठेवा.) आणि दर वेळी नव्या माणसापुढे ‘माझे वडील वारले’ इथूनच सुरुवात. चौथ्यांदा ते बोलताना माझा आवाज हललासुद्धा नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. नाही म्हणायचं तर सरळ म्हणा! इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबनं गुडिसन पार्क मैदानावर आठशेहून जास्त चाहत्यांची रक्षा पुरू दिली आणि जागा संपल्यावर, 2004 पासून, नवे अर्ज घेणं थांबवलं. तसा नकार मी पचवला असता.

शेवटी स्वागतकक्षातल्या बाईंनी हळूच विचारलं, ‘तुम्ही ग्राउंड्समनना भेटलात का?’

मैदानाची निगा राखणाऱ्या त्या ग्राउंड्समननी दहा मिनिटांत सगळं उलगडलं. रक्षा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, त्यात क्षार. एका जागी पडली की गवत जळतं, पाणी लागलं की थर घट्ट बसतो. शिवाय हंगाम संपला की मैदानाचा वरचा थर खरवडून काढतात, म्हणजे विखुरलेलं सगळं त्याबरोबर बाहेर. ‘मूठभर आणा, वाळूत मिसळू, रेषेबाहेर खोल ठेवू,’ म्हणाले. तेवढंच त्यांनी माझ्या अर्जावर लिहून सही केली. आठव्या दिवशी परवानगी हातात! त्यामुळे अर्जात ‘विखुरणे’ लिहूच नका, ‘मूठभर पुरणे’ लिहा. सगळी दोन-तीन किलो रक्षा कुणी घेणार नाही.

तरीही नकार आलाच तर क्लबला दुसऱ्या वाटा दाखवा. जर्मनीतल्या हँबुर्ग क्लबच्या चाहत्यांसाठी 2008 पासून स्टेडियमशेजारच्या दफनभूमीत वेगळी जागा आहे. अर्जेंटिनातल्या बोका ज्युनियर्स क्लबनंही 2006 मध्ये एका दफनभूमीत चाहत्यांसाठी वेगळी जागा केली.

त्या सकाळी मैदान रिकामं होतं. ग्राउंड्समननी पाइपसारखं अवजार जमिनीत दाबून गवतासकट मातीचा गोल गट्टू वर काढला. बहिणीनं रक्षा सोडली, मी वरून वाळू लोटली. त्यांनी गट्टू परत बसवला आणि तळहातानं दाबला. पाय लावला नाही. पाणी शिंपडल्यावर सांधा शोधूनही दिसेना.

डाव्या खांबापासून अकरा पावलं. मी मोजून ठेवलीत.