रेवदंड्यात, मावशीच्या कुंपणाशी

मावशीकडे बिरडं खायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करावा लागतो. एक रात्र वाल भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे. परवा सकाळी ते कोमट पाण्यात टाकून आम्ही दोघी मागच्या पडवीत सोलायला बसलो. वाल चिमटीत दाबला की सालातून सुळकन निसटतो, जरा जोर जास्त झाला की मोडतो. "मोडू नको गं, ताटात अख्खा दिसला पाहिजे," मावशीचं चालूच होतं.

पडवीसमोर पोफळी आणि पोफळी संपतात तिथे काळ्या दगडाची पडकी भिंत. पोर्तुगीजांची. मावशीच्या लेखी ते वाडीचं कुंपण. रेवदंडा गावच किल्ल्याच्या पोटात वसलंय, एसटीचा रस्तासुद्धा किल्ल्यातूनच जातो.

वाल सोलून झाल्यावर मी भिंतीशी गेले. दोन दगडांमधल्या चुन्यात शिंपल्याचा नखाएवढा तुकडा रुतलेला होता, अजून पांढराशुभ्र. बोट फिरवलं तर त्याच्या रेषा लागत होत्या. याच किनाऱ्यावरून कुणीतरी टोपलीत भरून आणला असेल. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

बंदर म्हणून शेजारचं चौल याच्याही कितीतरी आधीचं. कान्हेरीच्या शिलालेखांत ते 'चेमुल' नावाने येतं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला. 1508 मध्ये इथल्याच खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. त्याच खाडीत आज मासेमारीच्या होड्या असतात.

दुपारी ताटात बिरडं, तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि सोलकढी. भाकरी मावशी उकड काढून, पाण्याचा हात लावत थापते. ती इतकी मऊ होते की घडी घातली तरी चिरत नाही. बिरड्याला वालाचा किंचित कडवटपणा हवाच. गूळ जास्त घालून तो मारणाऱ्यांचं मला पटत नाही. सोबत अलिबागचा पांढरा कांदा, नुसता हाताने फोडून. तो गोडसर असतो, डोळ्यांत पाणी आणत नाही.

उन्हं उतरल्यावर सातखणी मनोऱ्याकडे गेलो. सात मजले होते म्हणून सातखणी, उरलेत चार. खालच्या दगडांवर कुणीकुणी खिळ्याने नावं कोरलीत, बदाम काढलेत. जीव तुटतो बघून. असा दगड घडवणारे हात आता कुठून आणायचे?

निघताना मावशीने कांद्याची माळ हातात दिली. स्टँडवर शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत बसल्या होत्या. मला एक अक्षर कळेना. मावशी म्हणाली, "कोर्लईच्या आहेत." खाडीपलीकडच्या त्या गावात पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून घराघरांत बोलतात. 'नो लिंग' म्हणतात ते तिला, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजांनी हा किल्ला 1740 मध्ये मराठ्यांच्या हवाली केला, आणि ती बोली इथे माझ्या शेजारी बाकावर बसून बहुधा घरचंच काहीतरी बोलत होती.

मुरूडची गाडी लागली, त्या पिशव्या सावरत चढल्या. खिडकीतूनही त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं.