भोपळा हवा होता, नऊ आकडे आले

परीक्षेत भोपळा मिळाला की घरी मार बसतो. एचआयव्हीच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, रिपोर्टात मात्र भोपळाच हवा असतो. आम्हा लॅबवाल्यांच्या भाषेत टीएनडी, म्हणजे विषाणू सापडलाच नाही. त्या दिवशी एका तालुक्याच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, आलेल्या २२ नळ्यांपैकी नऊंमध्ये तो सापडला. बहुतेक आकडे ९० ते ६०० कॉपीज (विषाणूच्या प्रती) प्रति मिलिलिटर. एक १,३४०, एक ४,१००. हे सगळे रुग्ण टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविरच्या एकाच गोळीवर होते आणि नऊही जणांचा आधीचा रिपोर्ट टीएनडी होता.

एखाद्याचा लोड वाढतो, दोघांचा वाढतो. पण एकाच केंद्राच्या नऊ जणांनी एकाच महिन्यात गोळ्या चुकवल्या, हे पटण्यासारखं नव्हतं.

तरी आधी संशय स्वतःच्याच खोलीवर घ्यायचा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये तीन कंट्रोल (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं असे नमुने) आणि ९३ रुग्ण असतात. निगेटिव्ह कंट्रोल कोरा होता, दोन्ही पॉझिटिव्ह ठरलेल्या हद्दीत होते. नमुने एकमेकांत सांडले असते तर पॉझिटिव्ह खण एखाद्या जास्त लोडच्या नमुन्याभोवती जमलेले दिसले असते. प्लेटचा नकाशा पाहिला, तर तसं काही नव्हतं. दुसऱ्या केंद्रांचे शेजारचे नमुने स्वच्छ होते. प्लाझ्मा ०.६ मिलिलिटर घेतला आणि प्रोग्राम ०.२ चा निवडला, तर आकडा तिप्पट दिसतो. पण तिप्पट करायला मुळात काहीतरी असावं लागतं, शून्याचे ३०० होत नाहीत. राहिला इंटर्नल कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालली का ते कळावं म्हणून प्रत्येक नमुन्यात मुद्दाम घातलेली खूण. आमच्या किटमध्ये त्याचा आरएनए चक्क भोपळ्याच्या एका जनुकावरून घेतलेला आहे, कारण माणसाच्या रक्तात तो असण्याची शक्यता नाही. तोही प्रत्येक नमुन्यात वेळेवर उगवला होता. म्हणजे मशीनला दोष देता येत नव्हता.

मग रिकाम्या नळ्या कचऱ्यातून काढून उजेडात धरल्या. मोतिया झाकणाच्या पीपीटी, म्हणजे प्लाझ्मा वेगळा करायच्या, आत जेल असलेल्या नळ्या. सेंट्रिफ्यूज नावाच्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात नीट फिरवलेल्या नळीत जेलचा पट्टा सरळ आणि घट्ट बसतो: खाली पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा. इथे पट्टा तिरका होता आणि उरलेल्या थेंबांना गुलाबी झाक होती. गुलाबी म्हणजे लाल पेशी फुटलेल्या. लाल फुटल्या असतील तर पांढऱ्याही फुटल्या असणार, आणि खरी गोम तिथेच आहे. औषधांनी रक्तातला मोकळा विषाणू संपला तरी काही पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये तो दडून राहतो. त्या फुटल्या की आतला डीएनए आणि आरएनए प्लाझ्मात मिसळतो आणि मशीन त्यालाही विषाणू म्हणून मोजू शकतं. मोजणी चुकत नाही, मोजायला दिलेली वस्तू चुकीची असते.

केंद्रावर फोन लावला. तिथल्या टेक्निशियनला फार विचारावं लागलं नाही. त्यांचा सेंट्रिफ्यूज बिघडला होता, म्हणून शेजारच्या लॅबचा आणला होता. तो लघवीच्या तपासणीचा. त्यावर २००० आरपीएमची चिठ्ठी डकवलेली. आरपीएम म्हणजे नुसते फेरे. नळीवर जोर किती पडतो, ते रोटरच्या त्रिज्येवरही ठरतं. त्रिज्येचे सेंटीमीटर गुणिले आरपीएमचा वर्ग गुणिले ०.००००१११८, इतकाच हिशेब. त्रिज्या १२ सेंटीमीटर निघाली, म्हणजे २००० फेऱ्यांना जेमतेम ५३७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५३७ पट. जेलच्या नळीला किमान ११०० जी दहा मिनिटं लागतात. अर्ध्या जोरात जेल पुरतं सरकलं नाही आणि काही पेशी वरच राहिल्या.

एवढ्यावर कदाचित निभावलंही असतं. पण जोडून सुट्ट्या आल्या, कुरियर आला नाही, आणि नळ्या जशाच्या तशा, प्लाझ्मा जेलवर ठेवूनच, डीप फ्रीजरमध्ये गेल्या. गोठल्या की पेशी फुटणारच. न गोठवता फ्रिजमध्ये ठेवल्या असत्या, तर इथे पुन्हा फिरवून बऱ्याच पेशी खाली बसवता आल्या असत्या. गोठून वितळलेल्या नळीला तो इलाज नाही.

तिथला टेक्निशियन कष्टाळू आहे. त्याला मशीन मिळालं, रोटरचं माप कोणी दिलं नाही.

बावीसपैकी एकही रिपोर्ट सोडला नाही. नऊ जणांचं रक्त पुन्हा मागवलं. १,३४० चा आकडा ३४ आठवड्यांच्या गरोदर बाईचा होता, म्हणून तिचं त्याच दिवशी. बाळंतपणाआधी लोड १,००० च्या वर असेल तर बाळ जास्त जोखमीचं धरतात आणि त्याला एकाऐवजी दोन औषधं सुरू होतात. चुकीच्या नळीपायी ती देण्यात अर्थ नव्हता, आणि आकडा खरा असता तर थांबायलाही वेळ नव्हता. या वेळी साधी, जेल नसलेली, जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी घेतली: आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट केली, सहा तासांच्या आत फिरवली, आणि पेशींच्या थराच्या वर थोडा प्लाझ्मा सोडून बाकीचा पिपेटने क्रायोव्हायल या छोट्या कुपीत. तळापर्यंत ओढण्याचा मोह इथे महागात पडतो. निकाल टीएनडी.

इतर सात जणांपैकी सहा टीएनडी. एकाचं ‘४० पेक्षा कमी’ आलं, म्हणजे विषाणूचा माग आहे पण मोजण्याइतका नाही. यावर कुणी काही करत नाही.

नववा नमुना ३,८०० वर आला. आधीचा ४,१००. लॉगमध्ये, म्हणजे दहाच्या घातांकात, ३.५८ आणि ३.६१. अर्ध्या लॉगपेक्षा, म्हणजे साधारण तिपटीपेक्षा कमी फरकाला आम्ही फरक मानत नाही. दोन्ही आकडे एकच. या माणसाचा लोड खरोखर वाढलेला होता आणि तो आठ खोट्या आकड्यांच्या घोळक्यात उभा होता. ‘नळ्याच खराब होत्या’ म्हणून सगळा गठ्ठा एकदम बाद केला असता, तर तो वर्षभर निसटला असता, कारण औषधांवर रुळलेल्या रुग्णाचा लोड वर्षातून एकदाच होतो.

समुपदेशकाने चौकशी केली. ऊसतोडीला गेला होता, मुक्काम लांबला, गोळ्या संपल्या आणि सांगायचा संकोच वाटला. त्याचं औषध बदललेलं नाही. तीन महिने समुपदेशन, गोळ्या नियमित, मग पुन्हा लोड; तेव्हाही १,००० च्या वर राहिला तरच पुढचा विचार.

केंद्रातल्या त्या सेंट्रिफ्यूजवर आता दुसरी चिठ्ठी आहे: पीपीटीसाठी २८७०, दहा मिनिटं, प्लाझ्मा काढल्याशिवाय फ्रीजरमध्ये नाही.