तळपायाची खाज आणि आठवा महिना

शुक्रवार, रात्री

आज रिपोर्ट आला. बाइल अ‍ॅसिड ४६. डॉक्टरबाईंनी आकड्याखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "ही खाज थंडीची नाही गं, लिव्हरची आहे." गरोदरपणातला कॉलेस्टॅसिस. शेवटच्या तीन महिन्यांत हार्मोन्स भरपूर वाढलेले असतात, काहीजणींच्या यकृताला ते झेपत नाहीत. पित्त पुढे सरकायचं ते अडतं, त्यातली आम्लं, म्हणजेच हे बाइल अ‍ॅसिड, रक्तात उतरतात आणि खाज सुटते.

घरात सगळे थंडीचीच खाज म्हणत होते, आणि तसं वाटणं साहजिकच होतं. निफाडचा पारा उतरला की इकडे नाशकातही पहाटे ओठ फुटतात, टाचा उलतात. सासूबाई रोज तिळाचं तेल कोमट करून माझे पाय चोळायच्या. पण अंगावर एक पुरळ नाही की गांधी नाही. खाज फक्त तळहातांना आणि तळपायांना, आणि तीही दिवे मालवल्यावर. दिवसा कामात कळतही नाही. रात्री मात्र कातडीच्या खाली, बोटं पोचणार नाहीत अशा जागी सुटते. घोट्यापाशी नखांचे ओरखडे उठलेत, दोन ठिकाणी रक्त आलंय.

नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा सहज सांगितलं, तर बाईंनी लिहिणं थांबवलं. खाज रात्री वाढते का, लघवी गडद होते का, शौचाचा रंग फिकट झालाय का, एकामागून एक विचारत गेल्या आणि लगेच एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, आणि बाइल अ‍ॅसिड लिहून दिलं. त्यात एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइमही वाढलेलं निघालं. पुरळ नसलेली खाज तळहात-तळपायांना आली तर आठव्या-नवव्या महिन्यात ती रक्त तपासल्याशिवाय सोडायची नसते, हे मला त्याच दिवशी कळलं. चिऊच्या वेळी असं काही झालं नव्हतं, मग कळणार कसं?

रविवार

दोन दिवस एकच गोष्ट मनात आहे. त्रास माझ्या अंगाला, आणि धोका पोटातल्याला. मला खाजेने काही होणार नाही, बाळंतपण झालं की थोड्याच दिवसांत ती जाते म्हणतात. पण बाइल अ‍ॅसिडचा आकडा १००च्या वर गेला तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका खरोखर वाढतो. १००च्या आत असेल तोवर फार घाबरायचं नाही, पण दर आठवड्याला रक्त द्यायचं, कारण आकडा चढला तर मध्ये कळणार नाही. बाईंनी काही लपवलं नाही. उर्सोच्या गोळीने खाज थोडी कमी होईल म्हणाल्या, पण बाळाचा धोका तिने टळतो असं सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं. बाळाच्या ठोक्यांचा पट्टा पोटाला लावतात ती एनएसटी आज छान आली तरी उद्याची हमी देत नाही. म्हणून वेळेत बाळंतपण करणं हाच मुख्य उपाय. मला हे असं सरळ ऐकायलाच बरं वाटलं. उगाच "काही होत नाही गं" म्हणणाऱ्यांपाशी मला आता बसवत नाही.

बाहेरून काहीच दिसत नाही, तो एक वेगळाच ताण आहे. ताप नाही, सूज नाही. शेजारच्या काकू आल्या तर म्हणाल्या, "तेज आलंय गं चेहऱ्यावर." मी आदल्या रात्री तीनपर्यंत जागी होते.

हे सातपूरला कंपनीत दुसऱ्या पाळीला होते, त्यांनी सुपरवायझरला विनंती करून पहिली मागून घेतली, रात्री घरी असावं म्हणून. इतक्या थंडीत अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि माठातल्या पाण्यात जुने सुती रुमाल पिळून माझ्या तळपायांना गुंडाळत बसतात. रुमाल कोमट झाला की उलटा करतात, मग पुन्हा भिजवतात. पहाटे पाचला उठून कामाला जायचं असतं त्यांना. मी म्हणते झोपा, तर म्हणतात, "तू झोपलीस की झोपतो." सासूबाईंनी तेलाची वाटी उचलून ठेवली आणि नवीन काम हाती घेतलं. जेवण झालं की मी डाव्या कुशीवर पडते आणि बाळ हललं की सांगते. दर हालचालीला त्या एका वाटीतला शेंगदाणा दुसऱ्या वाटीत टाकतात. शाळा दुसरी-तिसरीतच सुटलेली बाई, पण हालचाली कमी वाटल्या तर वाट न बघता तडक दवाखाना, हे मी नाही, त्यांनीच ह्यांना बजावून सांगितलं. चिऊ शेजारी बसते आणि दुसऱ्या वाटीतले दाणे खाते, मग दोघींचं भांडण. तेवढ्यात आणखी एक लाथ बसते.

बुधवार

संक्रांत इथेच झाली. माहेरी येवल्याला जाऊन तिकडेच बाळंत व्हायचं ठरलं होतं. आमच्या येवल्याची संक्रांत म्हणजे सगळं गाव गच्चीवर, हातात आसारी म्हणजे मांज्याची फिरकी, आकाशात पतंगच पतंग. चिऊला मामाने पतंग आणून ठेवला होता. पण बाईंनी स्पष्ट सांगितलं, बाळांचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल जवळ हवं. येवल्याहून नाशिक म्हणजे दोन तास तरी मोडतात. मम्मीला वाईट वाटलं, डिंक-मेथीचं सामान तिने आणून ठेवलं होतं.

काल फोनवर तिला सगळं नीट समजावलं, खाज कुठे, कधी, कशी. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुझ्या वेळेला नवव्यात मीपण रात्रभर तळपाय ओट्याला घासत बसायचे. तुझी आजी म्हणायची, बाळाला जावळ जास्त असलं की होतं असं."

मी सुखरूप जन्मले. तिचं रक्त त्या वेळी कोणी तपासलं नाही, त्यामुळे हेच होतं असं म्हणता येत नाही. पण हा आजार घराण्यात चालतो, आईला असला तर मुलीला, बहिणीला होऊ शकतो, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. एकदा झाला तर पुढच्या खेपेलाही बहुतेक वेळा होतो. तीन पिढ्या रात्री पाय घासत बसल्या असतील आणि जावळाचं नाव पुढे करून गप्प राहिल्या असतील, ह्या विचाराने मला फार राग येतो. आजीचा नाही. बाईमाणसाने सांगितलेलं दुखणं कोणी पुढे नेत नाही, ह्याचा.

धाकटीला फोन करून सांगितलं. तिचं लग्न नुकतंच झालंय, लाजून हसायला लागली. मी हसू दिलं नाही. दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगायचं, माझ्या बहिणीला कॉलेस्टॅसिस झाला होता. तिच्याकडून शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझा रिपोर्टही पाठवला.

आजचा आकडा ३८. उतरलाय. असाच राहिला तर ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर दाखल करून कळा आणायच्या असं ठरलंय. मम्मी शनिवारच्या एसटीने येतेय, सामान घेऊन.