तुम्ही विचारलंत म्हणून: मलेरियाचा जंतू खातो कसा?

"एका पेशीचा जीव, ना तोंड ना पोट, मग लाल पेशीतलं हिमोग्लोबिन आत जातं कुठून?" वर्गात हमखास येणारा प्रश्न. उत्तर असं, की प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या जंतूला तोंड असतं, पण ते पटलालाच, म्हणजे त्याच्या पातळ आवरणालाच, पडलेल्या खळग्याचं.

लाल पेशीत हा जंतू मोकळा नसतो. स्वतःच्या पटलावर आणखी एक पटल पांघरून बसतो, त्यामुळे घास घ्यायचा तर दोन्ही पटलं एकदम आत दाबावी लागतात. खळग्याच्या तोंडाशी गळपट्टीसारखी जाड कड असते; केल्च-१३ हे प्रथिन तिथलंच. मान आवळली की हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी सुटते आणि आम्लधर्मी अन्नपुटिकेत, म्हणजे जंतूच्या पचनाच्या पिशवीत, रिती होते. प्रथिनाचे तुकडे होतात, उरतं ते विषारी हीम, हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग. जंतू त्याचे स्फटिक करून टाकतो. स्लाइडवर दिसणारे तपकिरी कण ते हेच. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या डॉक्टरने डासाच्या जठराच्या भिंतीत जंतू ओळखला तो यांच्याचवरून. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध हे स्फटिकच होऊ देत नाही.

किती खाल्लं हे मोजायचं, तर आधी ई-६४ हे प्रथिनं तोडणारी विकरं रोखणारं रसायन देऊन पचन थांबवा, म्हणजे गिळलेलं तसंच साठतं. मग थंड सॅपोनिन, हे साबणासारखं वनस्पतिजन्य द्रव्य. त्याने लाल पेशीचं आवरण आणि पांघरलेलं पटल फुटतं, जंतूचं स्वतःचं टिकतं. वरचं पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा, मग तळाच्या गाळातलं हिमोग्लोबिन मोजा. घोटाळा बहुतेक इथेच होतो: धुणं कमी पडलं की बाहेर चिकटलेलंही खाल्लेल्यात जमा होतं. म्हणून जंतू नसलेल्या लाल पेशीही याच पायऱ्यांतून न्याव्यात. आणि जंतूंची वयं जुळवायला हवीत. ४८ तासांच्या फेऱ्यातला कोवळा, अंगठीसारखा जंतू जेमतेम चाखतो. मोठा झाला की अधाशी.

आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाची गोम याच कोवळ्या वयात आहे. हे औषध जागं होतं ते पचलेल्या हिमोग्लोबिनच्या हीममुळे. केल्च-१३ मध्ये सी५८०वाय नावाचा, प्रथिनाच्या एकाच दुव्याचा बदल झालेला, कंबोडियाच्या भागात पसरलेला जंतू अंगठीच्या अवस्थेत कमी गिळतो. हीम कमी, म्हणून औषध झोपलेलंच. अर्धपोटी राहण्याची किंमत तो मंद वाढीने मोजतो. मोठ्या जंतूचं गिळणं मात्र केल्च-१३ वाचून अडत नाही, तेव्हा तो औषधाच्या तावडीत सापडतो. पण आर्टेमिसिनिन रक्तात काही तासच टिकतं. गोळ्या ३ दिवस आणि सोबत जास्त टिकणारं दुसरं औषध, ते यासाठी.