आर्ट बाझलमधल्या गप्पा: फुकट, वेळेवर आणि हारतुऱ्यांशिवाय

जूनच्या मध्यावर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या मेसेप्लात्झ चौकात तिकिटाची रांग लागते. आर्ट बाझल या चित्र-शिल्पांच्या विक्री-जत्रेचं एका दिवसाचं तिकीट ६० फ्रँकच्या वर जातं आणि पहिले दोन दिवस तर फक्त निमंत्रितांचे. आत सुमारे २९० गॅलऱ्या असतात आणि भिंतीवरच्या कामांच्या किमती कोट्यवधींच्या घरात. याच जत्रेत चित्रकार, क्युरेटर (प्रदर्शनांची निवड-मांडणी करणारे) आणि संग्राहकांच्या जाहीर गप्पांचा ‘कॉन्व्हर्सेशन्स’ हा कार्यक्रम मात्र कुणालाही खुला असतो. तिकीट लागत नाही, ओळख लागत नाही. एवढा मोठा बाजार भरवणाऱ्यांनी ऐकणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या गावाला कलेवर चारचौघांत बोलायची जुनी सवय आहे. इथल्या आमेरबाख घराण्याचा कलासंग्रह शहराने आणि विद्यापीठाने मिळून १६६१ मध्ये विकत घेतला. १९६७ मध्ये शहराच्या कलासंग्रहालयात, कुन्स्टम्युझियममध्ये, उसनी ठेवलेली पिकासोची दोन चित्रं विकली जाणार असं कळलं, तेव्हा ८४ लाख फ्रँकपैकी ६० लाख सरकारी तिजोरीतून द्यावेत की नाही यावर चक्क मतदान झालं. लोकांनी हो म्हटलं. उरलेले २४ लाख गावाने रस्त्यावर उत्सव करून, वर्गणी काढून जमवले. ते ऐकून पिकासोने आणखी चार कामं शहराला भेट दिली. १९७० मध्ये इथल्याच तीन गॅलरीवाल्यांनी, एर्न्स्ट बायलर, ट्रुडल ब्रुकनर आणि बाल्त्स हिल्ट यांनी, आर्ट बाझल सुरू केलं, ते अशा गावात.

आपल्याकडे हे नाही असं कुणी म्हणू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये, म्हणजे आर्ट बाझलच्या ९५ वर्षं आधी. भर उन्हाळ्यात, घामाच्या धारा पुसत गंभीर विषय ऐकणारा श्रोता आपण घडवला आहे. दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकाची. समोर माणूस बसवून दोनेक तासांत व्यक्तिचित्र उभं करायचं आणि रंग का फिरवला, सावली थंड का घेतली हे लोकांना बोलून दाखवायचं, ही महाराष्ट्रातल्या चित्रकारांची जुनी रीत. आर्ट बाझलच्या व्यासपीठावर हात चालताना दिसत नाही, फक्त बोलणं असतं. त्या बाबतीत आपण उजवे आहोत आणि हे मी इथल्या लोकांनाही सांगते.

इथे वेळ मात्र काटेकोर पाळतात. एका गप्पांना साधारण एक तास. सुरुवातीची तीन-चार मिनिटं ओळख, मग पंचेचाळीसेक मिनिटं बोलणं, उरलेला वेळ श्रोत्यांचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शन यातलं काहीच नाही. आपल्या सत्काराला मी वेळेचा अपव्यय म्हणणार नाही. ज्या चित्रकाराला वर्षभर कुणी विचारत नाही, त्याच्या खांद्यावर शाल पडते तेव्हा तिला अर्थ असतो. फक्त ती शाल कार्यक्रम संपल्यावर घालावी. आधी घातली की वक्त्यांची ओळख लांबते, आणि कापला जातो तो श्रोत्यांच्या प्रश्नांचा वेळ.

गप्पा रंगतात त्यामागे बरंच काम असतं. संवादक आणि चित्रकार आठवडा-दोन आठवडे आधी अर्धा तास फोनवर बोलून घेतात. त्या फोनवर प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात, फक्त विषय आणि क्रम ठरवायचा. तिथेच सगळं सांगून झालं तर व्यासपीठावर ‘परवा आपण बोललो तसं’ अशी शिळी वाक्यं येतात आणि समोरच्याला धागा कळत नाही. संवादकाने सहा-सात प्रश्न लिहून आणले तर चार होतात. वक्ते तीनपेक्षा जास्त असले की गप्पा मोडतात: पाच जणांनी दहा-दहा मिनिटं घेतली की पन्नास संपली, आणि एकमेकांशी कुणी बोललंच नाही.

महाराष्ट्रातून कुणी चित्रकार अशा व्यासपीठावर येणार असतील तर तांत्रिक बाजू नीट समजून घ्यावी, कारण घोळ तिथेच होतात. कॉलर माइक लावतात तेव्हा त्याची डबी कमरेला अडकवायची असते. साडी असेल तर परकराची नाडी घट्ट हवी किंवा आतून पातळ पट्टा हवा, नाहीतर डबीच्या वजनाने निऱ्या ओढल्या जातात. रेशमी पदर माइकवर घासला की कागद चुरगाळल्यासारखा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचा राहतो. सुती पदर बरा, आणि माइक पदर नसलेल्या बाजूला लावून घ्यावा. हातात माइक असेल तर बांगड्या वाजतात. गालाजवळचा हेडसेट मिळाला तर तोच मागावा, मान वळवली तरी आवाज कमी-जास्त होत नाही.

चित्रांच्या स्लाइड १६:९ मापात कराव्यात. आपले उभे कॅनव्हास त्यात दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडतात. तिथे पांढरं ठेवलं तर डोळे दिपतात आणि चित्र मळकट दिसतं, म्हणून गडद करडा रंग भरावा. एका स्लाइडवर एकच चित्र, खाली वर्ष, माध्यम आणि सेंटिमीटरमध्ये माप. एखाद्या फोटोत चित्राशेजारी माणूस उभा असलेला बरा, नाहीतर सहा फुटी काम आणि पोस्टकार्ड पडद्यावर सारखंच दिसतं. वीस मिनिटांच्या बोलण्याला बारा ते पंधरा चित्रं पुरतात. व्हिडिओ स्लाइडमध्ये न अडकवता वेगळी फाइल द्यावी, आवाजासकट आधी वाजवून बघावी, आणि सगळं पेनड्राइव्हवरही ठेवावं. व्यासपीठावरचा चित्रीकरणाचा प्रकाश पडद्यावर सांडतो. त्यात गेरू, पिवळा आणि फिकट निळा हमखास धुऊन जातात. दिवे थोडे मंद करायला तालमीच्या वेळीच सांगावं. चित्रांचे फोटो दुसऱ्या कुणी काढले असतील तर त्यांची लेखी परवानगी हवी, कारण या गप्पांची रेकॉर्डिंग पुढे यूट्यूबवर जातात.

भाषा बहुतेक इंग्रजीच. इंग्रजीत अवघडल्यासारखं होत असेल तर दुभाषी मागण्यात काहीच कमीपणा नाही. पण एका वाक्यामागून दुसरं अशा पद्धतीने भाषांतर केलं तर एका तासाचा अर्धाच तास हाती राहतो, म्हणजे प्रश्नही निम्मे ठेवावेत. सोबत चालणाऱ्या भाषांतराला काचेची खोली, श्रोत्यांना कानयंत्रं आणि आळीपाळीने बोलणारे दोन दुभाषी लागतात. त्यांना आधी शब्दांची यादी पाठवावी. वारली चौक, कावी, गेरू, चुना हे शब्द ऐनवेळी कानावर पडले तर कसलेला दुभाषीही अडखळतो.

आता प्रश्नोत्तरं, जिथे माझी चिडचिड होते. ‘प्रश्न नाही, एक निरीक्षण मांडतो’ म्हणणारे गृहस्थ इथेही आहेत, मुंबईतही आहेत आणि दोघांची लांबी सारखीच. इथे त्यावर एक साधा उपाय दिसतो: फिरता माइक मदतनीस स्वतःच्या हातात धरून ठेवतो, विचारणाऱ्याच्या हाती देत नाही. तो हलकेच मागे घेतला की भाषण थांबतं, कुणाचा अपमानही होत नाही. हे आपल्या प्रत्येक सभागृहात उद्यापासून करता येईल, पैसा लागत नाही. विचारायचंच असेल तर नाव सांगावं, एका वाक्यात संदर्भ द्यावा आणि एकच प्रश्न करावा, अर्ध्या मिनिटात. माइक ओठांपासून चार बोटांवर असावा, टिचक्या मारू नयेत. ‘तुमची प्रेरणा काय’ या प्रश्नाला ठरीव उत्तर येतं. ‘त्या कामात तुम्ही कापड आधी भिजवलं की नंतर’ असं विचारलं की चित्रकार खुर्चीत पुढे सरकून बोलू लागतो. किंमत मात्र व्यासपीठावर विचारू नये. ती गॅलरीच्या बूथवर विचारली तर सहसा सांगतात.

ऐकताना एक भान ठेवावं. बोलणाऱ्या चित्रकाराचं काम बऱ्याचदा शेजारच्याच हॉलमध्ये विक्रीला असतं आणि त्याची गॅलरी पहिल्या रांगेत बसलेली असते. त्यामुळे बाजाराबद्दलची उत्तरं जपून येतात. म्हणून गप्पा खोट्या ठरत नाहीत, पण कार्यक्रमपत्रिकेत वक्त्याच्या नावापुढे कोणती गॅलरी आहे ते आधी पाहून ठेवावं. मुंबईच्या गॅलऱ्याही इथे दिसतात. १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत सुरू झालेली केमोल्ड त्यांतली एक. आपल्या चित्रकारांनी हे व्यासपीठ परकं मानायचं कारण नाही.

यायचं असेल तर: जागा आधी येणाऱ्याला, म्हणून नावाजलेल्या वक्त्यासाठी अर्धा तास आधी पोचावं. मध्ये उठून जायची शक्यता असेल तर कडेची खुर्ची धरावी. रेल्वे स्टेशनवरून दोन नंबरची ट्राम थेट मेसेप्लात्झला नेते. त्या आठवड्यात बाझलची हॉटेलं परवडत नाहीत. फ्रान्समधलं मुलूझ किंवा जर्मनीतलं फ्रायबुर्ग रेल्वेने जवळ आहे आणि शेंगेन व्हिसावर तिन्ही देश चालतात. बाझलमध्येच राहिलात तर हॉटेल जे बाझलकार्ड देतं त्यावर ट्राम-बस फुकट. पाण्याची बाटली सोबत ठेवावी, चौकाचौकांतल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी निदान मार्चमध्ये तरी भेटीची वेळ घ्यावी, कारण एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडच्या सुट्यांची गर्दी.