चावी बंद, इंजिन चालू : डिझलिंगचा शोध कुठवर आला

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची तक्रार अशी: इंजिन चांगलं तापलेलं असताना चावी बंद केली तरी ते थांबत नाही. थडथडत, आचके देत काही सेकंद फिरतं आणि शेवटी कधीकधी उलटा झटका देऊन गप्प होतं. थंड असताना मात्र चावीसरशी बंद.

अर्धं निदान या आवाजातच आहे. ठिणगी चालूच राहिली असेल, तर इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, चालतं तसंच एकसारखं चालत राहतं. ताल सोडून आचके देत असेल तर डिझलिंग, म्हणजे ठिणगी नसताना आतल्या उष्णतेनेच पेट्रोल पेटत राहणं. तरी खात्री हवीच, म्हणून मल्टीमीटर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) पॉझिटिव्ह टोकाला लावला. चावी बंद केली, इंजिन फडफडत होतं आणि मीटरवर शून्य. तिथे व्होल्टेज दिसलं असतं तर मी कार्बोरेटरला हातही लावला नसता. तेव्हा इग्निशन स्विचचे चिकटलेले कॉन्टॅक्ट तपासायचे, किंवा अल्टरनेटर बदललेला असेल तर चार्जिंगच्या दिव्याच्या वायरमधून कॉइलकडे उलटा येणारा करंट. त्या दिव्याच्या लाइनमध्ये योग्य दिशेने एक डायोड बसवला की तो त्रास संपतो.

ठिणगीशिवाय चालायचं तर इंजिनाला दोनच गोष्टी लागतात: पेटवायला उष्णता आणि पेटायला पेट्रोल. उष्णता तापून लाल झालेल्या कार्बनच्या थरातून, प्लगच्या टोकातून किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेतून मिळते. पण आधी पेट्रोलचा माग काढायचा, कारण तो हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, न उघडता काढता येतो.

कार्बोरेटरवर पेट्रोल तोडण्यासाठीच सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असतो. करंट बंद झाला की स्प्रिंग त्याची सुई पुढे ढकलते आणि आयडलची वाट बंद होते. चावी ऑन ठेवून वायर काढली-लावली, टिक आवाज स्पष्ट आला. मग आयडलवर चालू इंजिनाची तीच वायर काढली. इंजिन लगेच मरायला हवं होतं, पण ते चालतच राहिलं! सोलेनॉइड बाहेर काढून पाहिला तर सुई पूर्ण पुढे येते, टोकही धड आहे. या शोधातला सगळ्यात सुंदर टप्पा माझ्यासाठी हाच.

आयडल ८५० आरपीएमला हवा, मोजला तर ११५०. म्हणजे थ्रॉटलची (हवेची वाट उघडणारी) चकती इतकी उघडी, की ट्रान्सफर स्लॉट, म्हणजे पेट्रोलची दुसरी फट, तिच्या खाली आला होता आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम तिथून पेट्रोल ओढत होता. माझ्या कार्बोरेटरमध्ये ती वाट सोलेनॉइडच्या ताब्यात नाही. (काही कार्बोरेटरांत आयडल जेटच दोन्ही वाटांना पेट्रोल देतो, तिथे सोलेनॉइड दोन्ही तोडतो.)

आता आयडलचा स्क्रू मागे फिरवावा हा मोह होतोच. पण तो कुणीतरी कारणाशिवाय पुढे नेलेला नसतो. मागे घेतल्यावर इंजिन डुलून बंद पडलं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवरून हवा आत जात नव्हती, ते आधीच तपासलं होतं. मग डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी काढून बुजवली आणि टायमिंग लाइट लावला. ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधी हवी, दिसली ४. पॉइंटची, म्हणजे उघडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, टाच ग्रीसअभावी झिजली होती, ०.४० मिमीची गॅप ०.३० झाली होती. गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. मग ताकद कमी मिळते, बरीच उष्णता एक्झॉस्टकडे जाते आणि इंजिन टिकवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. एका झिजलेल्या टाचेने उष्णता आणि पेट्रोल दोन्ही पुरवले होते.

टाचेला ग्रीस देऊन आधी गॅप बसवली, मग टायमिंग. क्रम हाच, कारण गॅप हलली की टायमिंग हलतं. आरपीएम आपोआप वर गेला, स्क्रू मागे घेऊन ८५० केला. आता सोलेनॉइडची वायर काढताच इंजिन मरतं.

नेहमीच्या फेरीनंतर गाडी चावीसरशी बंद होते. लांब चढ चढून लगेच बंद केली तर अजून एखादा आचका येतो. तोवर उपाय म्हणून वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून धरायचा आणि क्लच हळू सोडायचा. उलटं फिरू देऊ नका, तेव्हा ऑइल पंप दाब देत नाही.

उरलेला संशय उष्णतेवर आहे. प्लग काढले तर त्यांची हीट रेंज (प्लगचं टोक किती गरम राहतं ते) पुस्तकातल्यापेक्षा एक पायरी गरम निघाली. बदलताना आकडा नीट वाचा: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट. योग्य प्लग लावून तोच चढ पुन्हा चढणार. तरीही आचका आला, तर प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन बघायचा आणि कॉम्प्रेशन मोजायचं. ते पुस्तकापेक्षा वर निघालं, तर हेड उतरवण्याची तयारी.